‘उमेदवार’ म्हटलं की मुलांना निवडणूक आठवते

प्रश्न : अठराव्या शतकातल्या ओसाकात घडणारी एक किशोर-कादंबरी मराठीत आणतेय. नायक म्हणजे बाहुलीनाट्याच्या मंडळीत राहून काम शिकणारा पोरगा. जपानीत अशा मुलाला ‘देशी’ म्हणतात. पण ‘त्या रात्री नाट्यगृहात बारा देशी होते’ असं लिहिलं, तर आपला वाचक बाटल्या मोजेल! ‘शिकाऊ’ लिहावं तर गाडीच्या मागे लावलेलं लाल ‘एल’ दिसतं. ‘शिष्य’ फार सोवळ्यातला. काय लिहू?

– ‘उमेदवार’ घ्या. पुढे जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी राबणारा, हाच त्याचा जुना अर्थ. ‘वडिलांनी छापखान्यात दोन वर्षं उमेदवारी केली’ हे वाक्य माझ्या पिढीला कोशाशिवाय कळतं.

– काका, तुमच्या पिढीला कळतं. माझी भाची विचारेल, कुठल्या पक्षाचा? मी ‘शागीर्द’ म्हणेन. फारसी असला तरी गाण्यातून, तालमीतून घरचा झालाय. गुरूला ‘वस्ताद’ म्हटलं की जोडी जमते, आणि वस्ताद म्हटल्यावर मार खाणं ओघानं आलंच.

– गुरूच्या घरीच राहणाऱ्याला तिथे ‘उची-देशी’ म्हणतात, म्हणजे घरातला शिष्य. आपला ‘अंतेवासी’ अर्थाने तंतोतंत बसतो. अर्थात बारा वर्षांचं पोर तो शब्द वाचून पुस्तक मिटेल, ही गोष्ट वेगळी.

– शागीर्दला माझंही मत. पण ताई, मसुद्यात तुम्ही ‘कळसूत्री बाहुल्या’ लिहिलंय ते खटकलं. कळसूत्री म्हटलं की सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींच्या बाहुल्या डोळ्यांपुढे येतात, वरून दोऱ्यांनी नाचवलेल्या. ओसाकातली बाहुली तिघं मिळून हातांनी धरतात. मुख्य बाहुलीकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. ही पद्धत 1734 पासूनची मानतात. आणि या बाहुलीनाट्याचं आजचं ‘बुनराकु’ हे नावही अठराव्या शतकातल्या पात्राच्या तोंडी नको. ते नंतरच्या, उएमुरा बुनराकुकेन या माणसाच्या नावावरून आलंय. तेव्हाचं नाव ‘निंग्यो जोरुरी’. निंग्यो म्हणजे बाहुली, जोरुरी म्हणजे शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने गायलेली कथा.

– थोडा वाद घालतो. बाहुलीच्या मानेखालच्या दांड्याला छोट्या कळी असतात, त्या ओढल्या की आतल्या दोऱ्यांनी डोळे नि भुवया हलतात. म्हणजे कळही आहे आणि सूत्रही! पण वाचकाला चित्र चुकीचं दिसणार, हे मान्य. नुसतं ‘बाहुली’ पुरे. ज्ञानेश्वरीतलं ‘साइखडें’ सुचवणार होतो, पण मार बसेल.

प्रश्नकर्ती : शागीर्द पक्का, कळसूत्री काढलं. आता त्या तिघांना काय म्हणू? सुरुवात पायांपासून होते. ‘पायांची दहा वर्षं, डाव्या हाताची दहा वर्षं’ अशी तिथली म्हणच आहे. नायक पानोपानी वाकून पाय हलवतोय, आणि दर वेळी ‘पाय हलवणारा साहाय्यक’ लिहून माझाच हात दुखायला लागला.

– टाळकरी, वीणेकरी, झीलकरी… तसा ‘पायकरी’?

– वा! आणि डाव्या हातवाला ‘डावकरी’.

– डावकरी नको, पत्ते खेळायला बसल्यासारखा वाटतो. ‘डावेकरी’ करा. पायकरी मात्र झकास. एक गंमत त्यात येऊ द्या : स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. पायकरी किमोनोची किनार आतून मुठींनी अशी सरकवतो की बाई चालतेय असं वाटावं.

प्रश्नकर्ती : म्हणजे पाय नसलेल्या बाहुलीचा पायकरी! हा प्रसंग पुस्तकात आहे आणि माझ्याकडून सपाट झाला होता. आजच पुन्हा लिहिते. मुख्य माणसाला तूर्तास ‘वस्ताद’च ठेवतेय, तो उंच खडावा घालून उभा राहतो, म्हणजे खालच्या पायकऱ्याला वावरायला जागा होते. ‘खडावा’ चालेल ना ‘गेता’ला?

– धावेल.