स्टेंटला सव्वा महिना झाला: छातीत दुखतं, दम लागतो, चालायचं की नाही?

सहकारनगर_९

वडिलांसाठी विचारतोय. वय ६२, बीपी आहे, शुगर नाही. सव्वा महिन्यापूर्वी अटॅक आला, त्याच दिवशी उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी झाली. एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी) एक औषधी लेपाचा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी), २.७५ बाय २८ मिलिमीटर. उजव्या धमनीत ५० टक्के ब्लॉक आहे, तो औषधांवर ठेवलाय. ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, ५० टक्के. गोळ्या: इकोस्प्रिन ७५, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल २५, रोसुवास्टॅटिन २०, पॅन्टोप्रॅझोल ४०. लागली तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ५.

तक्रारी तीन:

१. डाव्या बाजूला टोचल्यासारखं होतं. दोन-चार सेकंद, दिवसातून चार-पाच वेळा, बहुतेक बसल्या जागी.
२. आठवडाभरापासून तळजई टेकडीवर चालायला जातात. चढाला लागल्यावर आठ-दहा मिनिटांनी छातीच्या मधोमध दडपण येतं. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं. सपाटीवर येत नाही.
३. टीव्ही बघताना मधेच खोल श्वास घ्यावासा वाटतो, दम पुरत नाही म्हणतात. चालताना मात्र तसं होत नाही.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. कोणी दहा हजार पावलं चाला म्हणतं, कोणी तीन महिने आराम. आईने तर कोपऱ्यावरून भाजी आणणंसुद्धा बंद केलंय. नक्की काय करावं?

फिजिओ_कोथरूड

या तीन तक्रारी एका पिशवीत घालू नका. तिन्हींची कारणं बहुधा वेगळी आहेत आणि घाई फक्त एकीची आहे.

दुसरी आधी. श्रमाने येणारं, मधोमध, दडपणासारखं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जाणारं आणि दर वेळी साधारण त्याच चढावर येणारं दुखणं म्हणजे अंजायना (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याचं दुखणं), असंच धरून चालायचं. कारणं बरीच असू शकतात: उजवीकडचा ब्लॉक दिसतो त्याहून जास्त अडवतोय, बारीक रक्तवाहिन्या अजून नीट उघडत नाहीत, स्टेंटमध्ये काही अडचण आहे, किंवा नुसता मेटोप्रोलॉलचा डोस कमी पडतोय. यातलं कुठलं, ते घरी कळत नाही. तेव्हा तीन आठवडे थांबू नका, उद्याच कार्डिऑलॉजिस्टकडे फोन करा आणि 'चढावर अमुक मिनिटांनी दडपण, थांबल्यावर अमुक मिनिटांत बंद' याच शब्दांत सांगा. 'छातीत दुखतंय' एवढंच सांगितलंत तर रिसेप्शनवरून 'तपासणीला याल तेव्हा बघू' असं उत्तर येतं. ते बघेपर्यंत तळजई बंद. घरात आणि सोसायटीच्या आवारात सपाटीवर, दडपण येत नाही इतपत, पाच-दहा मिनिटं चालणं चालू ठेवा.

दडपण कमी श्रमात येऊ लागलं, रोज वाढत गेलं किंवा बसल्या जागी आलं, तर फोन-बिन नाही, सरळ इमर्जन्सी.

पहिली तक्रार: सेकंदभर टोचणं, एका बोटाने जागा दाखवता येणं, दाबलं किंवा कूस बदलली की फरक पडणं, हे स्नायू आणि बरगड्यांच्या सांध्यांचं लक्षण. अटॅकनंतर माणूस खांदे आवळून, छाती राखून बसतो, त्याने हे वाढतं. स्टेंट धमनीची भिंत ताणून बसवतात, त्या ताणाचं बारीक दुखणंही सुरुवातीचे काही दिवस ते काही आठवडे राहू शकतं. ते उतरत जातं, श्रमाशी त्याचा संबंध नसतो.

तिसऱ्या तक्रारीबद्दल औषधातलं जाणणारं कोणी लिहील.

गोळी_आणि_चिठ्ठी

तिसरीचा पहिला संशयित टिकाग्रेलॉर. या गोळीने दम लागणं हा माहीत असलेला, बऱ्यापैकी नेहमीचा दुष्परिणाम आहे. खूण अशी की बसल्या जागी लागतो, चालताना वाढत नाही, बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, आणि फुप्फुसं व ऑक्सिजन तपासले तर ठीक असतात. पण आडवं झाल्यावर दम वाढत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, पावलं सुजत असतील किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल, तर गोळीला दोष देऊ नका. ते पाणी साठल्याचं लक्षण असतं.

गोळीचा त्रास ठरला तरी ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वात जास्त आणि पहिलं वर्षभर लक्षात ठेवण्याइतका असतो. अटॅकनंतरच्या स्टेंटला गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्यांची जोडी (तुमच्याकडे इकोस्प्रिन आणि टिकाग्रेलॉर) सहसा १२ महिने चालते. डॉक्टर बदलून क्लोपिडोग्रेल किंवा प्रासुग्रेल देऊ शकतात. बदलताना पहिला डोस किती आणि शेवटच्या टिकाग्रेलॉरनंतर किती तासांनी, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणखी चार गोष्टी, दुकानात रोज दिसतात म्हणून:

गुडघा किंवा पाठ दुखली की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मागून घेऊ नका. गुठळी रोखणाऱ्या जोडीबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हृदयालाही त्या वाईट. पॅरासिटॅमॉल चालेल.

पुढे क्लोपिडोग्रेल आलं तर ॲसिडिटीला ओमेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल नको, त्याने क्लोपिडोग्रेलचं काम मंदावतं. पॅन्टोप्रॅझोल आहे तेच ठेवा.

दात काढायचा असला तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला विचारा. 'चार दिवस रक्त पातळ करायची गोळी थांबवा' हे दंतवैद्याने परस्पर सांगितलेलं पाळायचं नाही.

मेटोप्रोलॉल एकदम सोडू नका, नाडी उसळते आणि अंजायना बळावतो.

टेकडीवाला

एवढं घाबरवू नका हो त्यांना. चालणं हेच औषध. रोज तळजई केली की दडपण आपोआप जाईल, शरीराला सवय लागते. दहा हजार पावलं धरा.

फिजिओ_कोथरूड

टेकडीवाले, 'सवय लागते' हे अर्धंच खरं आहे. नियमित व्यायामाने तेवढ्याच चढाला हृदयावर भार कमी पडतो, दडपण उशिरा येतं, हे बरोबर. पण ते येतं त्या पातळीच्या *खाली* राहून, आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर. दडपण सोसून चढत राहणं म्हणजे त्या स्नायूला रोज रक्ताविना राबवणं. पावलं मोजून काही कळत नाही, दहा हजार पावलं सपाटीवरची की चढाची, घड्याळ सांगत नाही.

सहकारनगर, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की असं करा.

नाडीचा '२२० वजा वय' हा हिशेब विसरा. मेटोप्रोलॉल नाडी वाढूच देत नाही, त्यामुळे तो आकडा गाठायच्या नादात माणूस उर फुटेस्तोवर चालतो. टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची तपासणी) होईपर्यंत बसल्या नाडीपेक्षा २० ते ३० जास्त ही मर्यादा. नाडी ६० असेल तर ८० ते ९०. टीएमटीत ज्या नाडीला दडपण किंवा ईसीजीत बदल आला, त्याच्या १० खाली राहायचं. त्याहून सोपी खूण म्हणजे बोलणं: पूर्ण वाक्य बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी.

सुरुवातीची पाच ते दहा मिनिटं रमतगमत. या मिनिटांत धमन्या उघडतात, ज्यांना सुरुवातीलाच दडपण येतं त्यांचं निम्मं काम इथेच होतं. शेवटची पाच-दहा मिनिटंही तशीच. एकदम थांबून बाकावर बसलं तर रक्त पायात उतरतं आणि चक्कर येते, बीपीच्या गोळीवर तर हमखास. लगेच कडक गरम पाण्याने अंघोळही नको.

पहिला आठवडा सपाटीवर दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. सहा-आठ आठवड्यांत सलग ३० ते ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, चढ सर्वात शेवटी. एका वेळी एकच.

जागा: सारसबाग किंवा संभाजी बाग. सपाट, बसायला बाकं, आजूबाजूला माणसं, दारापर्यंत ॲम्ब्युलन्स येते. टेकडीच्या आतल्या वाटेवर ती येत नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचचा हट्ट सोडा. गार हवेने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, आणि कालच्याच वेगाला आज दडपण येतं. ऊन पडल्यावर, नाकातोंडावर मफलर घेऊन निघा. जेवणानंतर दीड तास नको.

बसलेलं बीपी वरचं १८० च्या किंवा खालचं ११० च्या वर, बसल्या नाडीचे ठोके १२० च्या वर, ताप, किंवा आदल्या रात्री दडपण: त्या दिवशी सुट्टी.

जड कामात वजनापेक्षा श्वास कोंडणं वाईट. पाण्याचा २० लिटरचा जार उचलून ठेवणं, भरलेला गॅस सिलेंडर सरकवणं, ॲक्टिव्हा मेन स्टँडला ओढणं, यात माणूस नकळत श्वास रोखून कुंथतो आणि बीपी एका झटक्यात उसळतं. सध्या तिन्ही बंद. डंबेल्स वगैरे अटॅकनंतर निदान पाच आठवड्यांनी, त्यातले चार आठवडे नियमित चालणं झाल्यावर: एक-दोन किलो, १० ते १५ वेळा, उचलताना श्वास सोडत. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता चालेल.

आणि आईंना सांगा, भाजी आणणं हा व्यायामच आहे. पिशवी दोन-तीन किलोंची ठेवा म्हणजे झालं.

सहकारनगर_९

फोन केला, परवाची वेळ मिळाली. धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. सॉर्बिट्रेट नक्की कधी घ्यायची? बाबा 'सवय लागेल' म्हणून घेतच नाहीत. आणि एकदा स्टेंट टाकल्यावर अंजायना यायलाच नको ना?

गोळी_आणि_चिठ्ठी

सवय वगैरे लागत नाही. दडपण आलं की थांबायचं, बसायचं, एक गोळी जिभेखाली. गिळायची नाही, वर पाणी नाही. उभ्याने घेतली तर बीपी पडून माणूस कोसळतो. डोकं ठणकतं, ते गोळी लागू पडल्याचंच लक्षण. पाच मिनिटांत दडपण गेलं नाही किंवा वाढलं, तर १०८ ला फोन, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी गोळी, एकूण तीनपर्यंत. घाम, उलटी, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर गोळी नको. स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नेऊ नका. २४ तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, ते आजच बघून ठेवा. डिस्चार्ज कार्ड आणि आत्ताच्या ईसीजीचा फोटो बाबांच्या मोबाइलमध्ये हवा, नव्या ईसीजीशी ताडून बघायला तोच लागतो.

पट्टी खिशात ठेवा, देवघरात नको. आणि एक बोललं जात नाही ते: सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्यावर २४ तास आणि त्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी जीवघेणं पडतं. बाबांना एकट्यात विचारा.

ईसीजी_वाचक

दुसऱ्या शंकेवर. स्टेंट एका ठिकाणचं अरुंदपण काढतो, बाकी धमन्यांचं झाड तेच राहतं. ऑर्बिटा-२ नावाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३०१ रुग्ण, सगळे स्थिर अंजायनाचे, अंजायनाची औषधं थांबवलेली. निम्म्यांना खरी अँजिओप्लास्टी, निम्म्यांना नुसतं सोंग. स्टेंटवाल्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला, तरी १२ आठवड्यांनी त्यांच्यातले ४० टक्केच पूर्ण मोकळे होते, सोंगवाल्यांत १५ टक्के. बाबांची केस अटॅकची आहे, आकडे तसेच लावता येणार नाहीत, पण स्टेंटनंतर दुखलं म्हणजे स्टेंट फुकट गेला असं नसतं.

मनाने सीटी अँजिओ काढू नका. स्टेंटचा धातू चमकतो आणि ३ मिलिमीटरच्या खालच्या स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही, तुमचा २.७५ चा आहे. परवा जाताना चार ओळींची वही न्या: तारीख, काय करताना, किती मिनिटांनी आलं, किती मिनिटांत गेलं. डॉक्टर औषध वाढवायचं, टीएमटी करायची की परत अँजिओग्राफी, हे बरंचसं त्यावरून ठरवतील.

सहकारनगर_९

वही केली. शेवटचं: बाबा विचारतायत, पर्वती कधी?

फिजिओ_कोथरूड

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. आधी घरचा एक मजला, मग दोन मजले न थांबता, बोलत, दडपणाशिवाय जमू देत. सपाटीवर सलग ३० मिनिटं दोन आठवडे झालेली हवीत, आणि परवाचे डॉक्टर हो म्हणायला हवेत. मग पहिल्या खेपेला २० पायऱ्या, एक मिनिट उभं राहून विसावा, पुन्हा २०. कठडा धरून, सॉर्बिट्रेट खिशात, सोबत कोणीतरी. दडपण आलं तर तिथेच बसायचं, वर देव वाट बघेल.