रात्री बाराच्या कार्यक्रमाला एकच प्रकार हवा, की काहीही चालेल?

निशाचर

कॉलेज रेडिओवर दर शुक्रवारी रात्री १२ ते २ माझा कार्यक्रम असतो. दीड वर्ष झालं. परवाच्या बैठकीत सांगण्यात आलं, "तुझ्या कार्यक्रमाला एक प्रकार ठरव. जॅझ म्हण, गझल म्हण, इलेक्ट्रॉनिक म्हण, पण एक काय ते म्हण." कारण काय, तर एका श्रोत्याचा निरोप आला होता: "तासाभरात सात देश फिरवून आणलंत. उतरायचं कुठे तेवढं सांगा."

निरोप आवडला मला. सूचना नाही आवडली.

दिवसा रेडिओ लावणाऱ्याला आपण काय ऐकणार हे आधी कळायला हवं असतं, ते ठीक आहे. रात्री एक वाजता जो जागा आहे त्याला प्रकाराशी काय देणंघेणं? मी एकच नियम पाळतो. लागोपाठच्या दोन रेकॉर्डमध्ये कानाला कळेल अशी एक गोष्ट सारखी हवी. गेल्या शुक्रवारी शाकुहाची वाजवली. ही जपानी बांबूची बासरी, तिच्यात फुंकरीचा आवाज लपवत नाहीत. तिच्यामागे सॅक्सोफोनचा एक संथ सोलो ठेवला, वादकाचा श्वास ऐकू येणारा. देश वेगळे, काळ वेगळा, पण दोन्हीकडे आधी हवा ऐकू येते आणि मग स्वर. याला 'काहीही' म्हणायचं का?

ब्रिटिश निवेदक जॉन पीलने बीबीसी रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मध्ये वारेपर्यंत हेच केलं. पंक, रेगे, आफ्रिकन गिटार, सगळं एकाच रात्रीत. एखादी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लागली तरी लोक ऐकायचे. तुमचं मत सांगा. बैठक बुधवारी आहे.

कानसेन

जॉन पीलचं नाव येणार हे शीर्षक वाचूनच कळलं होतं. अहो, पील ३७ वर्षं रोज ढिगाने रेकॉर्ड ऐकत होता. त्याची सरमिसळ वाचनालय पालथं घातलेल्या माणसाची होती. आपली बहुधा वाचनालयाच्या दारात उभं राहून आतली पुस्तकं मोजणाऱ्याची असते.

आणि कॉलेज रेडिओचाच दाखला हवा असेल तर तो माझ्या बाजूने आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर घ्या. तिथे फिल शाप या माणसाने १९८१ पासून २०२१ मध्ये वारेपर्यंत, सोमवार ते शुक्रवार सकाळी, फक्त चार्ली पार्कर वाजवला. चाळीस वर्षं, एक सॅक्सोफोनवाला. ती सकाळ होती असं म्हणाल, तर त्याच स्टेशनवर १९९० ते ९८ या काळात गुरुवारी रात्री १ ते ५ स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम असायचा. फक्त हिप-हॉप. नाझ, जे-झी, नोटोरियस बी.आय.जी. हे लोक जगाला माहीत होण्याआधी तिथे ऐकू येत होते. पहाटे पाचपर्यंत पोरं कॅसेटवर टेप करत बसायची. का? तर या माणसांना एक गोष्ट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळते, असा भरवसा होता.

तुमची शाकुहाची ऐकणाऱ्याने शाकुहाचीबद्दल पुढे काय ऐकलं? काहीच नाही. त्याला लगेच सॅक्सोफोन मिळाला.

रेवा

मी श्रोता वर्गातली. रात्री जागून ड्रॉइंग काढते, मागे रेडिओ असतो. मला देश-बिश कळत नाहीत. मला फक्त दचकायचं नाहीये. असल्या कार्यक्रमांत सगळं छान तरंगत असतं आणि अचानक कुणीतरी ढोल बडवायला लागतं. रेघ वाकडी जाते हो.

फेडर

रेवा यांच्या दचकण्यात निवेदकाच्या आवडीचा दोष निम्माच असतो. उरलेला निम्मा आवाजाच्या पातळीचा. १९३० च्या आसपासची ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्ड आणि गेल्या पंचवीस वर्षांतलं मास्टरिंग (रेकॉर्ड निघण्याआधी आवाजावर होणारं शेवटचं काम) शेजारी ठेवा: मीटरवर टोकं सारखी दिसतील, कानाला दुसरं दुप्पट मोठं वाटेल. नव्या रेकॉर्डिंगमध्ये हळू भागही वर ओढून ठेवलेला असतो. तेव्हा मीटरच्या सुईवर विसंबू नका, हेडफोन काढा, स्टुडिओचा स्पीकर अगदी बारीक करा आणि जोड ऐका. रात्री लोक तसाच ऐकतात.

त्यात पुन्हा ट्रान्समीटरच्या आधी प्रोसेसर बसलेला असतो. तो दबका आवाज उचलतो, चढा दाबतो. त्यामुळे तुमची नाजूक आलापी घरी पोचते ती मागच्या खरखरीसकट. आमच्याकडे एकदा रुद्रवीणेपेक्षा टेपच जास्त ऐकू आली होती.

आणि सायलेन्स सेन्सर! काही सेकंद आवाज आला नाही की ही यंत्रणा स्टेशन बंद पडलं असं समजते आणि स्वतःहून राखीव गाणी सुरू करते. २००४ मध्ये बीबीसी रेडिओ थ्रीने अमेरिकी संगीतकार जॉन केजची ती सुप्रसिद्ध मूक रचना, जिच्यात वादक काहीच वाजवत नाहीत, थेट प्रसारित केली तेव्हा त्यांना ही यंत्रणा मुद्दाम बंद ठेवावी लागली होती. तुमच्या स्टेशनचा सेन्सर किती सेकंदांवर आहे, माहीत आहे का?

खर्ज

मी वाजवतो, त्यामुळे मला या वादात वेगळंच दिसतंय. निशाचर 'एक सारखी गोष्ट' म्हणतात ती बरीच सैल आहे. श्वास, पोत, वातावरण, या नावाखाली काहीही जोडता येतं. जोड सुरात आहे का, ते आधी बघा.

उदाहरण देतो. बासरीवर मालकंस राग, षड्ज (सा) पेटीच्या पांढरी तीनचा. मालकंसात पंचम (प) नाही, म्हणून तानपुरा मध्यमात (म) लावतात. म्हणजे अर्धा तास श्रोत्याच्या कानात मध्यम घुमतोय. पांढरी तीनचा मध्यम म्हणजे पांढरी सहा, गिटारवाल्यांचा ए. आता मालकंसाचे तेच पाच स्वर मध्यमाला सा मानून मोजा. धानी रागाचे स्वर मिळतात, आणि ब्लूजचा पाया तोच. तानपुरा विरता विरता ए मधला संथ ब्लूज सुरू केलात तर एकही स्वर परका वाटणार नाही. रेवाताई दचकणार नाहीत, आणि देश बदलला हे कदाचित दोन मिनिटांनी कळेल.

फक्त जुन्या रेकॉर्डवर लिहिलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. ७८ म्हणवणाऱ्या रेकॉर्ड प्रत्यक्षात ७८ वरच कापलेल्या असतात असं नाही. पेटी घ्या आणि कानाने तपासा.

कानसेन

वा! पण हे तर माझ्याच म्हणण्याला बळ देणारं झालं. हा जोड सुचायला मालकंस पुरता माहीत हवा. सात देशांची एकेक रेकॉर्ड माहीत असून भागत नाही.

जुनी निवेदिका

निशाचर, अरे तू मध्ये बोलतोस की नाही? मागे एका धाग्यावर तूच लिहिलं होतंस, 'रात्री शब्द नकोत, संगीत पुरेसं आहे.' मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. त्या श्रोत्याने उतरायचं कुठे असं विचारलं, त्याचा अर्थ मला तरी एवढाच लागतो की बाबा, आत्ता कुठे आहोत ते सांग. वादकाचं नाव, वाद्य, कुठलं, कधीचं. चार वाक्यं. चौथं वाक्य गाळलंस तरी चालेल.

तीन-तीन रेकॉर्ड वाजवून मग एकदम तिन्हींची नावं सांगण्याची पद्धत आहे, ती रात्रीला वाईट. पहिली ऐकून भारावलेला माणूस तिसरी संपेपर्यंत झोपलेला असतो. मग आयुष्यभर ते काय होतं म्हणून शोधत बसतो. विविध भारतीवर छायागीतची जादू गाण्यांइतकीच निवेदकाच्या दोन ओळींची असते.

निशाचर

बोलतो, पण कमी. आजी, हा मुद्दा मान्य. (आजी म्हटलेलं चालेल ना?)

कानसेन, तुमच्यासाठी एक यादी. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. २७ तुकडे, साधारण ९० मिनिटं. केसरबाई केरकरांची भैरवी त्यात आहे हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते फार कुणी बघत नाही. अलीकडे चीनचं तंतुवाद्य गुचिन, साडेसात मिनिटं, एकटी. मग केसरबाई. मग ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ चं ध्वनिमुद्रण: शब्द नाहीत, नुसता हुंकार आणि तारेवरून सरकत जाणारी गिटार. आणि शेवटी बेथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या एका रचनेतला संथ भाग.

सलग ऐका. गुचिनच्या तारेवर बोट घसरतं, केसरबाईंची मींड, जॉन्सनची गिटार. तिन्हीकडे स्वर सरळ लागत नाही, ओढत येतो. चार परंपरा, आणि रात्री दीडला यापेक्षा चांगला शेवट मला अजून जमलेला नाही. 'कुठलाही एक प्रकार निवडा' असं कुणी ही यादी करणाऱ्यांना बजावलं असतं तर?

आरोह

भैरवी हा सकाळचा राग, आणि तो रात्री दीडला? कठीण आहे.

खर्ज

मैफल भैरवीनेच संपते ना? मग मैफल दीडला संपली तर दीडला भैरवी. वेळेचा एवढाच आग्रह असेल तर मालकंसाचेच स्वर कर्नाटक पद्धतीत हिंदोलम् म्हणून दिवसाढवळ्याही गातात, त्यांचं काही बिघडलेलं नाही.

कानसेन

निशाचर, तबकडीचं उदाहरण आणलंत ते बरं झालं. आता तीच यादी पूर्ण वाचा. साऱ्या पृथ्वीचं संगीत म्हणून २७ तुकडे, त्यात एकट्या बाखचे तीन आणि बेथोव्हेनचे दोन. भारताचा एक. निवडणारी माणसं हुशार होती, मनाने मोठीही होती. तरी झालं काय? ज्यांचं संगीत त्यांना आतून माहीत होतं त्यांना अनेक जागा, बाकीच्यांना प्रत्येकी एक नमुना. सरमिसळ करणाऱ्याचं नेहमी हेच होतं. घरच्या संगीतात त्याला माणसं दिसतात, परक्यात नकाशा.

'वर्ल्ड म्युझिक' हा शब्दच बघा. १९८७ साली लंडनमधल्या काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी एकत्र बसून तो ठरवला. कशासाठी, तर दुकानात या रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवायच्या कळत नव्हतं म्हणून. तुमचा कार्यक्रम त्या खणासारखा होऊ नये एवढंच म्हणतोय. गेल्या दीड वर्षात तुमच्याकडे आफ्रिकेतल्या माली देशाचं संगीत कितीदा वाजलं, आणि त्यात किती वेगवेगळे वादक होते? खरं सांगा.

निशाचर

क्यू शीट, म्हणजे वाजवलेल्या रेकॉर्डच्या नोंदी, काढून बसलो होतो. माली अकरा वेळा. वादक दोन. त्यातही एकच रेकॉर्ड सहा वेळा, कारण ती कशाच्याही मागे बरी बसते.

हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी.

रेवा

ती घुमणारी, हातावर ताल असलेली का? ती मला आवडते. सहा वेळा चालेल.

फेडर

यालाच प्रोग्रामिंग म्हणतात :)

जुनी निवेदिका

आजी चालेल.

लाज कसली त्यात, मोजलंस हे बरं केलंस. आम्ही तर कधी मोजलंच नाही. पण कानसेन, तुम्हीही जरा ताणताय. शापसारखी चाळीस वर्षं देणारा माणूस कुठल्या कॉलेजात मिळतो? विद्यार्थी तीन-चार वर्षांत बाहेर पडतो. एका विषयात मुरायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि त्या वयात मुरूही नये. वीस वर्षांच्या पोराने 'मी फक्त अमुकच वाजवणार' म्हटलं की मला पोटात कालवतं. अनेक दारं ठोठावायचं वय असतं ते. फक्त प्रत्येक दारात दोन मिनिटं उभं राहावं.

कानसेन

दोन मिनिटं नाही. अर्धा तास.

निशाचर

बुधवारी बैठकीत हे मांडणार आहे. प्रकार ठरवणार नाही. पण पहिला अर्धा तास एकाच वादकाचा किंवा गायकाचा, नाव-गाव सांगून, आणि तो महिनाभर बदलायचा नाही. पुढचा दीड तास त्याच्यापासून फुटणाऱ्या वाटा. या महिन्यात गुचिन. म्हणजे निदान चार शुक्रवार मला गुचिनच ऐकत बसावं लागेल.

खर्ज, मालकंस ते ब्लूज हा जोड चोरतोय. काल घरी करून पाहिला. पहिल्यांदा ब्लूजची रेकॉर्ड थोडी उतरलेली निघाली, जोड भयंकर लागला. दुसऱ्या रेकॉर्डने जमलं.

कानसेन

पहिल्या अर्ध्या तासाला पाठिंबा. पुढच्या दीड तासाबद्दल मत राखून ठेवतो. ती मालीची रेकॉर्ड आता सहा महिने कपाटात ठेवा.

रेवा

:(

फेडर

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. गुचिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये माणूस चहा करून येईल एवढी जागा असते. सेन्सर किती सेकंदांवर आहे?

निशाचर

आज विचारून आलो. दहा. माझ्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी जागा घड्याळ लावून मोजली, सात भरली. पण शेवटचा स्वर विरत जातो तो ऐकू येणं कधी थांबतं, यावर माझं आणि इंजिनिअरचं एकमत होत नाहीये. तो म्हणतो अकरा.