अबू उबैदा आणि अमवासची साथ
सहाबांचं, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या साथीदारांचं, मोठेपण रणांगणातच दिसतं असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. यर्मूकच्या लढाईचं (इ.स. 636) महत्त्व आहेच, पण शाममधल्या (सीरिया-पॅलेस्टाईनचा प्रदेश) मुस्लिम सैन्याचे सेनापती अबू उबैदा इब्न जर्राह यांचं नाव निघालं की मला आधी आठवते ती पॅलेस्टाईनमधल्या अमवासची प्लेगची साथ, हिजरी 18 (सुमारे इ.स. 639) मधली. खलीफा उमर शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी साथीची बातमी कळली आणि त्यांनी परत फिरायचं ठरवलं. अबू उबैदांनी तोंडावर विचारलं, अल्लाहने लिहिलेल्यापासून पळताय? उमर म्हणाले, हो, त्याच्याच एका लिहिलेल्याकडून दुसऱ्याकडे. तुझे उंट एका बाजूला हिरव्या आणि दुसऱ्या बाजूला उजाड दरीत उतरले, तर कुठेही चारलेस तरी ते त्याच्याच मर्जीने ना? मग अब्दुर्रहमान इब्न औफ या सहाबींनी पैगंबरांचं वचन सांगितलं: साथ असलेल्या गावी जाऊ नका, तुम्ही असाल तिथे आली तर पळ काढू नका. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, ग्रंथांत हा सगळा संवाद आहे.

उमर मदिनेला परतले, अबू उबैदा आपल्या सैनिकांजवळच राहिले आणि त्याच साथीत गेले. पाठोपाठ मुआज इब्न जबल आणि यजीद इब्न अबी सुफियान हे सहाबीही. यजीदच्या जागी त्याचा भाऊ मुआविया दमास्कसचा सुभेदार झाला, पुढची उमय्या घराण्याची सत्ता तिथूनच उभी राहिली.