लिखाण अडतं ते बैठक नसल्यामुळे की माल नसल्यामुळे?

गिरणाकाठ

आठवड्याचं सदर चालवणारे, ब्लॉग लिहिणारे, कंपन्यांसाठी शब्दांवर पैसे घेऊन लिहिणारे, सगळ्यांना कधी ना कधी 'आज काही सुचतच नाही' हा अनुभव येतो. त्यावर सल्ला एकच मिळतो : रोज ठरल्या वेळी बसा, पाचशे शब्द पाडा, सुचेल. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कितीही वेळ चालू ठेवली तरी पाइपातून हवाच येणार.

उदाहरण घ्या. विषय आलाय 'केळीवरील रोग व उपाय'. माणूस स्क्रीनसमोर बसतो आणि पहिलं वाक्य लिहितो, 'जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे.' तिथेच गाडी रुतते. कारण त्याच्याकडे जे आहे ते वाचकाला आधीच माहीत आहे. हाच विषय असा कापा : 'जुलैत नव्या मृगबागेत (जून-जुलैत लावलेल्या केळीत) सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस दिसला, रोप उपटायचं की ठेवायचं?' आता विचारायला माणसं सापडतात. रावेर-यावलकडे ज्याला हरण्या म्हणतात तो हाच रोग. कोवळ्या पानावर तुटक पिवळे पट्टे येतात, पुढे पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. मावा तो पसरवतो. काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो आणि बांधावरचं तण यांत हा विषाणू मुक्काम करतो. लागलेल्या रोपावर औषध नाही, म्हणून उपटून बागेबाहेर पुरायचं, दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरायचं, गेलेल्या जागी नवं रोप लावून नांगी भरायची. दोन शेतकरी आणि एक रोपवाटिकावाला, वीस-वीस मिनिटं बोला. नऊशे शब्दांचा लेख उभा राहतो आणि सुचण्याचा प्रश्न येतच नाही.

म्हणून माझं म्हणणं : अडलात तर खुर्चीवरून उठा. बसून राहणं हा उपाय नाही.

फैजपूरकर

गिरणाकाठ भाऊ, मोटरीचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून सांगतो. आठ-दहा दिवस मोटर बंद राहिली की फूटव्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेतून, थोडं थोडं गळत पाइपातलं पाणी उतरून जातं, आणि विहीर तुडुंब असली तरी बादलीने पाणी ओतून एअर काढत बसावं लागतं. लिहिणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात २७ प्राध्यापकांवर प्रयोग केला होता. एका गटाला सांगितलं, अगदी गरज असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला, मन होईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरल्या दिवशी ठरलेली पानं लिहायचीच होती, नाहीतर आधीच सही करून ठेवलेला चेक नावडत्या संस्थेला जाणार. सर्वांत जास्त पानं तिसऱ्या गटाची झाली हे ओघानेच आलं. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वांत जास्त सुचल्या. म्हणजे सुचलं म्हणून लिहिलं असं नाही, लिहायला बसले म्हणून सुचलं.

आणि आपल्याकडचा दाखला धुळ्याच्या तुरुंगातला. विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ साली तिथे दिली. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा, दर रविवारी एक. साने गुरुजी उतरवून घेत होते. मोजून बघा, अठरा रविवार आहेत, एकही खाडा नाही. वार ठरलेला होता म्हणून हे झालं.

करायचं काय ते सांगतो. खानदेशात मे महिन्यात दुपारी डोकं चालेल ही अपेक्षाच सोडा. पारा पंचेचाळिसाच्या वर, त्यात वीज गेली की संपलं. सकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ धरा. पंचवीस मिनिटांचा गजर, पाच मिनिटं उठायचं, असे तीन फेरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. रोज तीनशे शब्द, त्याहून जास्त नाही. लोक पहिल्याच दिवशी हजार ठरवतात, चौथ्या दिवशी मोडतं आणि मग पंधरा दिवस तोंड लपवतात. दिवसाचं काम संपवताना परिच्छेद पुरा करू नका. पुढचं वाक्य माहीत असताना अर्ध्यावर उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

गिरणाकाठ

विनोबांचा दाखला माझ्या बाजूने जातो, फैजपूरकर. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात त्यांनी अख्खी गीता मराठीत समश्लोकी उतरवली होती. त्याआधी कितीतरी वर्षं गीतेत घालवलेली. धुळ्यात आले तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती. रविवारने फक्त चावी फिरवली.

बॉइसचे प्राध्यापक म्हणाल, तर ते आपापल्या विषयात मुरलेले लोक. त्यांना माल शोधायचा नव्हता. आपल्याकडे लिहिणारा सोमवारी ठिबकवर लिहितो, बुधवारी लग्नाच्या हॉलची जाहिरात, शुक्रवारी मधुमेह. त्याला तीनशे शब्दांची सक्ती केली तर तो तीनशे शब्दांचं पाणी घालतो.

शिरपूरकरीण

दोघंही भांडताय छान, पण एक गोष्ट सुटतेय. कितीतरी लोकांकडे वही भरून टिपणं असतात, रोज दोन तास बसतातही, तरी पान कोरं. त्यांचं काय? ते लिहिता लिहिता संपादन करतात. एक वाक्य लिहायचं, तीन शब्द बदलायचे, पुसायचं, परत लिहायचं.

माइक रोझ यांनी १९८० साली अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली होती. अडणाऱ्यांच्या डोक्यात नियम पक्के होते : पहिला परिच्छेद पकडणाराच हवा, आराखडा पूर्ण झाल्याशिवाय सुरुवात नाही, असे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण जमत नसेल तर ते बाजूला ठेवायचे. आपल्याकडे त्यात प्रमाण मराठीची भर. घरात, शेतात, बाजारात अहिराणी नाहीतर लेवा बोली, आणि कीबोर्डसमोर बसलं की 'सदर रोगाचा प्रादुर्भाव निदर्शनास आल्यास'. असं वाक्य डोक्यात आपोआप येत नाही, ते घडवावं लागतं, आणि त्यातच दम निघतो.

उपाय साधा आहे. पहिला खर्डा बोलून काढा. फोनच्या कीबोर्डवर माइक असतो, भाषा मराठी ठेवा आणि समोर मेहुणा बसलाय असं समजून सांगा. 'पानेस्वर पिवया पट्टा दिखनात का रोप उपटी फेका, वाट नका दखा.' बास, लेखाचं मुख्य वाक्य मिळालं. बोलताना मिनिटाला शंभरेक शब्द सहज जातात, दहा मिनिटांत हजार. त्यातले निम्मे फेकायचे असतात, तरी पाचशे उरतात. फोन अहिराणीचं वाटेल ते करतो आणि विरामचिन्हं देत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणही सोबत चालू ठेवा आणि त्याच दिवशी ऐकून नीट करा. दोन दिवसांनी वाचलं तर आपलंच आपल्याला कळत नाही.

टंकत असाल तर बॅकस्पेसला हात लावायचा नाही. आकडा आठवत नाही तिथे चौकटी कंसात 'इथे आकडा' लिहा आणि पुढे चला. आकडा बघायला म्हणून ब्राउझर उघडला की चाळीस मिनिटं गेलीच समजा. दुरुस्ती वेगळ्या बैठकीत, शक्यतो दुसऱ्या दिवशी.

तळोदा नाका

बोलून काढलेला खर्डा मला पटत नाही ताई. बोलण्यात माणूस एकच मुद्दा तीनदा फिरवतो आणि क्रम सगळा उलटासुलटा. तो सरळ करण्यात जितका वेळ जातो तितक्यात हाताने लिहून होतं. सूचना-पद्धतीच्या लेखाला, म्हणजे ठिबकच्या नळ्या ॲसिडने कशा धुवायच्या वगैरे, बोललेला खर्डा तर धोक्याचाच. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हा क्रम बोलताना उलटा गेला आणि तसाच छापला गेला तर?

तिथे उलटी रीत बरी. आधी शेवट लिहा : वाचून झाल्यावर वाचकाच्या हातून काय व्हायला हवं, एका वाक्यात. मग त्याच्या आधीची पायरी, मग तिच्या आधीची. प्रस्तावना सर्वांत शेवटी. निम्म्या लेखांना ती लागतही नाही.

शिरपूरकरीण

क्रमाच्या लेखाबाबत मान्य. सदर, मतलेख, मुलाखत यांना माझीच पद्धत.

कॉपीवाला धुळे

तुम्ही सगळे स्वतःच्या मर्जीने लिहिणाऱ्यांचं बोलताय. पैसे घेऊन लिहिणाऱ्याचं अडणं वेगळं असतं. त्याला लेखनाचा आजार समजू नका, बहुतेकदा कामाची मागणीच अर्धवट असते. सुरतेहून नाहीतर पुण्याहून मेसेज येतो : 'सर, केळी चिप्सवर एक मस्त आर्टिकल पाहिजे, अर्जंट.' यावर कोणीही अडेल.

कीबोर्डला हात लावायच्या आधी विचारून घ्या. वाचणार कोण, दुकानदार की घरची गृहिणी? वाचून त्याने काय करावं, फोन करावा की ऑर्डर द्यावी? किती शब्द? नमुना म्हणून तुम्हाला आवडलेला एखादा लेख कोणता? काय लिहायचं नाही? दुरुस्त्या किती वेळा? (दोनपर्यंत दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे आधीच लिहून पाठवा.) मान्यता देणारा माणूस एकच आहे ना, हे तर विचाराच. दोन भागीदार आणि एक मेहुणा असे तिघं 'बघणार' असतील तर ते काम अडणारच, तुम्ही कितीही पहाटे उठा.

निम्मे पैसे आगाऊ आले नाहीत तरी हात चालत नाही, हेही खरं. त्याला आळस म्हणून स्वतःला कोसू नका. पैसे बुडणार असा अंदाज डोक्याने आधीच बांधलेला असतो.

फैजपूरकर

कॉपीवाला भाऊ, प्रश्न चोख आहेत. पण उत्तरं सगळी मिळाल्यावरही रात्री अकराला, सकाळी द्यायचंय म्हणून बसणारे पाहतोच की आपण. तिथे ग्राहकाचा दोष कसा?

कॉपीवाला धुळे

तिथे तारीख चुकीची दिलेली असते. काम मंगळवारी होणार असेल तर गुरुवार सांगा. ग्राहक गुरुवारीच खूश असतो.

एरंडोल गेट

हल्ली एवढा खटाटोप कोण करतो? एआयला सांगा, दोन मिनिटांत खर्डा. मग हवं तसं बदला.

गिरणाकाठ

एरंडोल गेट, बदलायला तरी हातात काही हवं. त्याने दिलेला लेख 'जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे' याच वाक्याने सुरू होतो, वर कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी) म्हणजे कांद्याची बाग समजण्याची शक्यताही धरा. एकदा त्याची वाक्यं डोळ्यांसमोर आली की आपली सुचत नाहीत, त्याच साच्यात दुरुस्त्या होत राहतात. वापरायचंच तर उलट वापरा : तुमची टिपणं द्या आणि 'वाचकाला यात कोणते दहा प्रश्न पडतील' एवढंच विचारा. त्यातले सहा रद्दी निघतील. चार घेऊन शेतावर जा.

तळोदा नाका

वादात एक चाचणी टाकतो. अडलात की विषयाची माहिती नसलेल्या कोणाला तरी फोन करा आणि पाच मिनिटं तोच विषय सांगा. दुसऱ्याच मिनिटाला 'म्हणजे... असं एकंदर...' सुरू झालं तर माल नाही, गिरणाकाठांचं ऐका. पाच मिनिटं न थांबता बोललात तर माल आहे, शिरपूरकरीण ताईंचं ऐका. फोन करायचाच कंटाळा येत असेल तर फैजपूरकर.

शिरपूरकरीण

फोन करायचाच कंटाळा येत असेल तर एवढ्यावर हसून सोडू नका. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, लिहिणंच काय पण आवडीचं काहीच नको वाटतं, असं असेल तर ते लेखनाचं अडणं नव्हे. तिथे गजर आणि शब्दसंख्या उपयोगाची नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

फैजपूरकर

ताईंच्या मुद्द्याशी वाद नाही. गिरणाकाठांशी मात्र आहेच. माल गोळा करायलासुद्धा वेळापत्रक लागतं. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा : आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाई देवीचा उत्सव, पोळा, दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोडेयात्रा, होळीआधीचे सातपुड्यातल्या आदिवासींचे भोंगऱ्या बाजार. प्रत्येकाच्या तीन आठवडे आधी लेख तयार. शिवाय कधीही चालतील असे चार लेख साठ्यात. एक वापरला की त्याच आठवड्यात दुसरा भरायचा. साठा असला की भीती जाते आणि भीती गेली की हात सुटतो.

गिरणाकाठ

त्या कॅलेंडरनेच तर दरवर्षी तोच लेख येतो. 'कानबाई : खानदेशची कुलदैवत', रोट (नैवेद्याच्या जाड पोळ्या), नारळ, मिरवणूक, संपलं. यंदा कानबाईवर लिहायचं तर एकच घर धरा. रोटांसाठी गहू सव्वापटीत मोजून घेतात तो कोण मोजतो, भाऊबंद चार गावांत पांगल्यावर रोट कुठे होतात, सुरतेला कामाला गेलेला मुलगा रविवारची सुटी कशी मिळवतो. कॅलेंडर तारीख सांगेल, हे सांगणार नाही.

फैजपूरकर

आणि हे विचारायला त्या घरी कधी जाणार? नागपंचमीनंतरच्या रविवारी गेलात तर घरात कोणाला बोलायला सवड नसते. आषाढात जा. तारीख भिंतीवर असेल तरच आषाढात आठवेल.

गिरणाकाठ

आषाढात जाणं मान्य. तीनशे शब्द अजून अमान्य.