तीन किल्ले ठरले होते, एकच झाला. लीडरने परत फिरवलं ते बरोबर की चूक?

पांझराकाठ:
मागच्या रविवारी धुळ्याहून आम्ही २३ जण मुल्हेर-मोरा-हरगडला गेलो, साक्री-पिंपळनेर-ताहाराबाद करत. माचीवर नुसती भुरभुर होती, मोती तलावाजवळ कळण्याची भाकरी अन् ठेचा खाल्ला, सगळे मजेत. बालेकिल्ल्यावर पोचलो तर वारा उभंच राहू देईना. मोऱ्याकडे जायला खिंडीत उतरावं लागतं आणि नेमका तिथेच सगळा वारा घुसत होता. आमच्यातल्या एका ताईंच्या पोंचोत हवा भरली अन् त्या दोन पावलं दरीकडे सरकल्या, मागच्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून थांबल्या. लीडर ओरडत होता "खाले बठा, खाले बठा", पण दहा फुटांवर ऐकू येईना, शेवटी हाताने खुणा केल्या. तिथूनच परत फिरलो. आता काही जण म्हणतायत पैसे तीन किल्ल्यांचे घेतले. माझ्या मते लीडर शंभर टक्के बरोबर.

सह्यवेडा:
मीपण होतो भो. पैशाचं सोडा. आम्ही सात-आठ जण दर पावसाळ्यात फिरतो, साल्हेर १५६७ मीटरचा, तोही असल्याच वाऱ्यात केलाय. मोरा समोर दिसत होता. आम्हाला पुढे जाऊ द्यायचं, बाकीच्यांना माचीवर सोमेश्वराच्या मंदिरात थांबवायचं, एवढं साधं होतं. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं हे मला पटलेलं नाही.

साक्रीकर:
दादा, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, अनुभव कितीही असू द्या. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या डोंगरांवर असाच सुटतो. सपाटीवर चालून जातं, खिंडीत तो दाबला जाऊन अजून जोर धरतो, आणि तुम्हाला नेमकं तिथूनच जायचं होतं.

तापीकाठची:
आणि ग्रुप फोडला असता तर पुढे कोण, मागे कोण? लीडर एक अन् शेवटाला चालणारा एक, दोघंच ना? पुढच्या आठात कुणाचा पाय मुरगळला असता तर त्या वाऱ्यात खाली कळवणार कसं, शिट्टीसुद्धा ऐकू जात नाही.

सह्यवेडा:
बरं, हा मुद्दा मानतो, दोन लीडर कमीच होते. पण मग हवामानाचा अंदाज आदल्या दिवशीच बघायला हवा होता की नाही? वारा वाढणार हे दिसत असताना तीन किल्ले ठरवलेच कशाला, एकट्या मुल्हेरचा प्लॅन सांगायचा. लोक पहाटे तीनला उठून येतात.

पांझराकाठ:
हे बरोबर बोललात. मेसेजमध्येच लिहायला पाहिजे, मुल्हेर नक्की, पुढचं वाऱ्यावर.

मालेगावची स्नेहा:
पोंचोवाली मीच. वर कुणी विचारलं असतं, "ताई, जमेल का पुढे?" तर मी हो म्हणाले असते, कारण माझ्यामुळे बावीस जण परत फिरतायत हे मला नको होतं. पाय लटपटत होते तरी हो म्हणाले असते. सह्यवेडा दादा, तुमच्या शेजारी तो निळ्या जर्किनचा मुलगा होता ना, तोही खाली उतरल्यावर मला म्हणाला की घाबरलो होतो. वर तो तुमच्याच सुरात "चला चला" करत होता. लीडरने कुणाला विचारत न बसता फिरवलं, ते मला फार बरं वाटलं. मोऱ्याला मी येणार आहे, दिवाळीनंतर.