नाकात स्टॅफ सापडला, गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर: मलम आणि आंघोळ नेमकी कशी?

रानजाई:
सासूबाईंचं (वय 68, मधुमेह) गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलंय. नाकाच्या स्वॅबमध्ये (कापूसकाडीने घेतलेल्या नमुन्यात) स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे स्टॅफ हा जंतू आला. नाकात मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने आंघोळ, दोन्ही पाच दिवस, एवढंच लिहून दिलंय. त्यांना ना सर्दी, ना कुठे पू. मग हे कशासाठी? आंघोळीचं औषध बादलीत टाकायचं का? घरातल्या बाकीच्यांनीही मलम लावायचं का?

कल्चर_प्लेट:
त्रास नसणं हेच याचं लक्षण. साधारण 30 टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो. काख, जांघ, घसा इथेही सापडतो. अखंड त्वचेवर तो निरुपद्रवी. पण चीर दिली, आत धातूचा सांधा बसवला की तोच जंतू त्या धातूवर थर धरतो आणि मग अँटिबायोटिकने सहज निघत नाही. कधी सांधाच काढावा लागतो. जखमेत सापडणारा स्टॅफ बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकातला निघतो. नेदरलँड्समधल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा वाहकांना, म्हणजे नाकात हा जंतू बाळगणाऱ्यांना, हेच मलम आणि हीच आंघोळ दिल्यावर स्टॅफचा संसर्ग 7.7 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आला.

रिपोर्टमध्ये सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकपुढे काय लिहिलंय ते बघा. 'आर' (रेझिस्टंट) असेल तर तो एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ. ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधी सांगा, कारण मग ऑपरेशनआधी देतात त्या नेहमीच्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकवर भागत नाही. बरेचदा व्हॅन्कोमायसिन लागतं, आणि ते सलाईनमधून तासभर तरी सावकाश द्यावं लागत असल्याने वेळेआधी सुरू करावं लागतं.

चाफेकळी:
बादलीत अजिबात टाकू नका. डेटॉलच्या सवयीने सगळे तेच करतात आणि औषध इतकं पातळ होतं की उपयोग शून्य.

आधी केस शाम्पूने आणि अंग साध्या साबणाने धुऊन साबण पूर्ण काढा, कारण साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडीन निष्प्रभ होतं. मग पाणी बंद. सुमारे 25 मिली औषध ओल्या, स्वच्छ कापडावर घेऊन मानेखाली सगळीकडे चोळा: काख, बेंबी, जांघ, गुडघ्यामागची घडी, बोटांच्या बेचक्या. एक-दोन मिनिटं राहू द्या, मग पाणी ओता. डोळे, कान आणि नाजूक अवयवांच्या आतल्या भागाला लावू नका. नंतर खोबरेल, पावडर, लोशन काही नाही. टॉवेल, कपडे, चादर रोज बदला. मात्र ते ब्लीचमध्ये भिजवू नका, तपकिरी डाग पडतात आणि जात नाहीत.

बाटलीवर 4 टक्के लिहिलेलं असायला हवं. दुकानात त्याच नावाने 0.2 टक्क्यांचं गुळण्यांचं औषध किंवा स्पिरिटवालं हँडरब हातात पडू शकतं. अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली तर लगेच थांबवून डॉक्टरांकडे न्या.

मलम सकाळ-संध्याकाळ. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं, प्रत्येक नाकपुडीला वेगळ्या कापूसकाडीने, फक्त पुढच्या भागात. जंतू तिथेच असतो, खोल खुपसू नका. मग नाक चिमटीत धरून मिनिटभर हलकं चोळा आणि हात धुवा. नाकासाठीचंच मलम मागा. त्वचेवरच्या मलमाचा पाया वेगळा असतो, त्याने नाकात चुरचुरतं.

रानजाई:
पाच दिवस आत्ताच उरकून ठेवले तर? आणि त्यांना गळवंही होतात अधूनमधून, मग दर महिन्याला मलम चालू ठेवावं का?

कल्चर_प्लेट:
आत्ता उरकू नका. काही आठवड्यांत जंतू नाकात परत येऊ शकतो. पाच दिवस असे मोजा की शेवटची आंघोळ ऑपरेशनच्या सकाळी पडेल. तारीख पुढे गेली तर पुन्हा करायचं का, हे सर्जनना विचारा. मनानेच मलम चालू ठेवलं तर जंतू मुपिरोसिनला दाद देईनासा होतो, आणि खरी गरज असताना ते हातचं जातं. गळवांसाठी आधी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. साखर वाढलेली असेल तर ऑपरेशनच्या जखमेलाही धोका आहे. ऑपरेशनच्या सुमारास एखादं गळू किंवा नखुरडं दिसलं तर सर्जनना कळवाच, ते बरं होईपर्यंत तारीख पुढे ढकलतात.

घरच्यांना मलमाची गरज सहसा नसते. टॉवेल, नेलकटर मात्र वेगळं ठेवा.

चाफेकळी:
अजून एक. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक चिरांतून जंतू आत शिरतो. लागलेच तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात.