आत्याला एका दिवसात भेटून येतो, पण भेट होतच नाही. काय बदलू?

प्रश्न (भाची_थोरली)

माझी आत्या ८८ वर्षांची आहे. बाबांची थोरली बहीण. बाबा स्वतः ७६ चे. तिच्याकडे गाडीने जायला अडीच तास, यायला तितकेच. ती आतेभाऊ आणि वहिनीकडे राहते; घर लहान असल्यामुळे मुक्काम करता येत नाही. आम्ही सहा जण जातो: आईबाबा, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा मुलगा.

गेल्या वेळी अकराला पोचलो आणि तिच्याभोवती गोल करून बसलो. बरेच महिने झाले होते, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. नवऱ्याने सहज विचारलं, "आत्या, ओळखलंत का मला?" ती हसली, पण नाव काही आठवेना. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. मुलाचं नाव तिने चारदा विचारलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "सांगितलं ना मघाशी!" साडेचारला गाडीत बसल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण तिला भेटलोच नाही गं."

कोडं असं, की फोनवर हीच आत्या बाबांशी वीस-वीस मिनिटं बोलते. मग समोर गेल्यावर गप्प का होते? पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी कृपया सांगा.

उत्तर (कानोसा)

ताई, फोनवर बोलते म्हणताय ना, उत्तर बहुतेक तिथेच आहे. मी श्रवणतपासणीचं काम करते. फोनवर एकच आवाज असतो, तोही थेट कानाशी, आणि बाकी खोली शांत. तुम्ही सहा जण बसलात की एकावर एक आवाज चढतात.

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. त्यामुळे "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी या माणसांची तक्रार असते. ओरडून फायदा होत नाही, कारण ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजनं तशीच बुडतात. लहान मुलांचा आवाज तर सगळ्यात अवघड. नाव चारदा विचारण्यामागे विसरण्याइतकंच न ऐकू येणंही असू शकेल.

समोर बसा, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तिला ओठ दिसणार नाहीत. पट्टी थोडी खाली, वेग कमी. टीव्ही आणि पंखा जमेल तितका वेळ बंद. आणि कानात मळ साचलाय का, हे एकदा डॉक्टरांना बघायला सांगा. कितीतरी जणांना तेवढ्यानेच फरक पडतो. घरी काडी घालून काढू नका, मळ आणखी आत जातो.

उत्तर (उंबरठा)

माझ्या वडिलांची स्मृती शेवटची सहा वर्षं हळूहळू जात होती. तेव्हा मी एक शिकलो: "ओळखलंत का?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. त्यांच्यासाठी ती सगळ्यांसमोर घेतलेली परीक्षा असते. आत जातानाच सांगायचं, "आत्या, मी अमुक, तुमच्या भाचीचा नवरा." दर वेळी सांगायचं, त्यात कमीपणा नाही.

नवं लक्षात राहत नसलं तरी जुनं बरंच शाबूत असतं, त्यातही साधारण दहा ते तीस या वयातलं. म्हणून जुने फोटो न्या. पण अल्बम नको, तीन-चारच, मोठे करून. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडही बराच जास्त लागतो. फोटो हातात दिला की गप्प बसा. माझे वडील कधीकधी पूर्ण मिनिटभर थांबून बोलायचे, आणि आधी आम्ही त्या मिनिटात विषय बदलून मोकळे व्हायचो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळ सकाळची ठेवा. स्मृतीचा त्रास असेल तर संध्याकाळी गोंधळ आणि बेचैनी वाढू शकते.

उत्तर (मागचं_दार)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या सासूबाई ९१ च्या आहेत आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांचं स्वागत मीच करते.

तुमच्या वहिनींना आधी फोन करा. आत्यांची अंघोळ, औषधं, झोप कधी असते ते विचारा आणि त्याप्रमाणे पोचा. जेवण करून न्या, त्यांना सहा पानं वाढायला लावू नका. मुलांना सर्दी असेल तर सरळ पुढची तारीख घ्या. तुमच्याकडे दोन दिवसांत बरी होणारी सर्दी या वयात छातीत उतरू शकते.

आणखी एक, जे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. सासूबाई पाहुणे असले की पाणी पीत नाहीत, कारण सगळ्यांसमोरून उठून बाथरूमला जायचा संकोच वाटतो. म्हातारपणी तहान आधीच कमी लागते. त्यात वाटेत पिशव्या आणि चपला पडलेल्या. एकदा त्या तिथेच अडखळल्या होत्या. तेव्हापासून दारात आले की मी आधी सगळ्यांचं सामान उचलून बाजूला ठेवते.

भाची_थोरली

काल जाऊन आलो, म्हणून लिहितेय.

साडेनऊला पोचलो. नवरा मुलांना घेऊन अंगणात थांबला, आत फक्त बाबा आणि मी. बाबा तिच्या उजव्या बाजूला बसले, कारण फोन ती त्याच कानाला लावते. हे मला वहिनीने सांगितलं. टीव्ही बंद केला. शाळेच्या पायरीवरचा एक फोटो मोठा करून नेला होता. आत्याने तो बराच वेळ धरला. माझ्या ओठांवर तीनदा प्रश्न आला, तीनदा गिळला. मग ती बाबांना म्हणाली, "तू रडत होतास. मी माझा तास सोडून तुझ्या वर्गात येऊन बसले होते." बाबांना हे आठवत नव्हतं. ७६ वर्षांच्या माणसाला काल पहिल्यांदा कळलं.

मुलं नंतर एकेक करून आली. लेकीने नाव मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. तो कागद आत्याने उशीखाली ठेवला.

जेवणानंतर ती झोपली आणि वहिनी दोन तास स्वतःच्या मैत्रिणीकडे जाऊन आली. अडीचला निघालो. कानाच्या डॉक्टरांची वेळ आतेभावाने घेतली आहे.

पुढच्या वेळी बाबा आणि मी दोघंच जाणार आहोत.